पोकळीचा ठेका

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी 'नजरेआडचे धंदे' असा विषय कळवला आणि मला पत्रेवाला आठवला. नव्या इस्पितळात, मॉलमध्ये, बँकेच्या शाखेत मान वर केली की पांढरंशुभ्र फॉल्स सीलिंग दिसतं. त्याच्या वरच्या काळोखात जस्त चढवलेला पत्रा वाकवून केलेले चौकोनी नळ इमारतभर फिरलेले असतात. थंड हवा त्यांतून खोलीत येते, वापरलेली हवा त्यांतूनच माघारी जाते. या नळांना डक्ट म्हणतात. ते बनवून, टांगून, जोडून देणारा तो डक्टिंग कॉन्ट्रॅक्टर. सुताराचं, रंगाऱ्याचं, फरशीवाल्याचं काम गिऱ्हाईक येता-जाता बघतं. याचं काम पुरं झालं की त्यावर झाकण बसतं, आणि ते झाकण पुन्हा उघडायची वेळ आली तर समजावं, काहीतरी बिनसलंय.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अशा एका कॉन्ट्रॅक्टरचा गाळा आहे. धंदा तिसऱ्या पिढीत आलेला, मूळ दुकान भवानी पेठेतलं. मालक साठीच्या पुढचे, बोलायला मोकळे. पण नाव छापायचं नाही ही अट त्यांनी पहिल्या चहालाच घातली. "चार पार्ट्यांकडं बिलं अडकलीत. नाव वाचलं तर म्हणतील, पेपरात रडगाणं गातोय. मग सुटायचं तेही सुटणार नाही." दिवाळी अंकालाही ते पेपरच म्हणतात. तेव्हा या लेखात नावं नाहीत.

तिप्पट आणि वर सातवा भाग

गाळ्यात सगळ्यांत जुने आहेत ते मेस्त्री. मूळचे माण तालुक्यातले, दुष्काळाला कंटाळून पोरवयात पुण्याला आलेले. आयटीआयमध्ये 'शीट मेटल वर्कर' असा रीतसर ट्रेड असतो हे त्यांना हातात हातोडी आल्यावर पुष्कळ वर्षांनी कळलं.

मी गेलो तेव्हा त्यांच्यापुढं आठ बाय चारचा पत्रा पसरलेला होता आणि त्यातून चौदा इंच व्यासाचा गोल पाइप काढायचा होता. मेस्त्रींनी कागद घेतला नाही. "चौदा त्रिक बेचाळीस, वर चौदाचा सातवा हिस्सा दोन. झाले चव्वेचाळीस. घडीला पाऊण इंच." शाळेतला बावीस सप्तमांश तो हाच, फक्त इथं तो तिप्पट आणि वर सातवा भाग असा तोंडात बसलेला. गुण्या लावून त्यांनी टोकदार सळईनं रेघ मारली. पेन्सिलीची रेघ तेलकट पत्र्यावर पुसते, ओरखडा राहतो. मग कातर चालवली. कातरीचा प्रत्येक घास पूर्ण मिटायच्या आत ते पुढचा घेत होते. कातर पूर्ण मिटली की टोकाशी काडीएवढा दात उठतो, आणि तोच पुढं कुणाचा तरी हात फाडतो. कडांना उलटसुलट घड्या पाडल्या, एकीत एक अडकवल्या, लाकडी मोगरीनं ठोकून बसवल्या. डाख नाही, वेल्डिंग नाही, खिळा नाही.

वेल्डिंग टाळण्याला कारण आहे. लोखंडी पत्र्यावर वितळलेल्या जस्ताचा थर देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यानं १८३७ साली घेतलं. सुमारे ४५० अंश तापलेल्या जस्तात पत्रा बुडवला की त्यावर थर बसतो, आणि गंजायची वेळ आली की आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. वेल्डिंगच्या आचेत हा थर जळून जातो. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. धंद्यातले जुने लोक त्यावर गूळ खातात, दूध पितात. त्यानं काय होतं देव जाणे. पण तापाचा बंदोबस्त डॉक्टरकडं नसून घडीत आहे, हे मेस्त्रींचं म्हणणं मला पटलं.

खरी परीक्षा चौकोनातून गोल काढायची. यंत्राचं तोंड चौकोनी, पुढचा पाइप गोल. मधला तुकडा एका सपाट पत्र्यातून वळवून निघाला पाहिजे. मेस्त्री वर्तुळाचे बारा भाग करतात, चौकोनाच्या प्रत्येक कोपऱ्याच्या वाट्याला तीन-तीन देतात, आणि कोपऱ्यापासून त्या खुणांपर्यंतच्या तिरक्या रेघांची खरी लांबी काटकोन त्रिकोण मांडून काढतात. वरून बघताना रेघ जेवढी दिसते त्याहून ती लांब असते, कारण ती उतरतही असते. हे एकदा डोक्यात शिरलं की माणूस मेस्त्री होतो. नाही शिरलं तर जन्मभर हेल्पर.

चौकोनी डक्टच्या प्रत्येक सपाट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हलकी फुलीही पाडलेली दिसते. ती नक्षी नव्हे. मोठा पत्रा सपाट ठेवला तर पंखा सुरू होताना तो आत-बाहेर उचलतो आणि धाडकन आवाज येतो. फुलीनं पृष्ठभाग किंचित फुगीर होतो आणि ताठ राहतो. एखाद्या सभागृहात एसी लावल्याबरोबर वरून ढोल वाजल्यासारखा आवाज आला, तर तिथं कुणीतरी ही फुली वाचवली आहे असं खुशाल समजावं.

घासलेटच्या डब्यापासून

पुण्याला धातूचा पत्रा ठोकणं नवं नाही. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईतली. कोकणातून आलेल्या तांबटांच्या मठारकामाचा ठोका अजून तिथं ऐकू येतो. पण आपल्या मालकांचे आजोबा त्या परंपरेतले नव्हेत. ते लोखंडी पत्र्याचे, त्यातही टाकाऊ पत्र्याचे कारागीर. चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा घासलेटचा डबा रिकामा झाला की तो त्यांच्याकडं यायचा. त्याचं नरसाळं व्हायचं, चिमणी व्हायची, धान्याचं माप व्हायचं. दांडी ठोकली की बादली. उरलेल्या तुकड्याचं ठिगळ दुसऱ्या डब्याला.

दुसऱ्या महायुद्धात खडकीच्या दारूगोळा कारखान्याला हात हवे होते. कारखाना १८६९ पासूनचा. युद्धात तिथं माणसांची भरती वाढली आणि आजोबा चिकटले. घरातल्यांच्या मते धंद्याचा खरा जन्म तिथं झाला, कारण तिथं त्यांनी नकाशा वाचायला शिकून घेतलं. नरसाळं डोळ्यांनी करता येतं. दुसऱ्यानं कागदावर काढलेली, स्वतः कधी न पाहिलेली वस्तू बनवायची तर मापाची भाषा यावी लागते. युद्ध संपल्यावर ते परत दुकानात आले ते ही भाषा घेऊन. मग पेट्या, धान्याच्या कोठ्या, बंगल्यांच्या आणि वाड्यांच्या पन्हळी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. पुढं कित्येक महिने दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असायचं असं मालकांना त्यांच्या आईकडून ठाऊक आहे. ज्यांचं सगळं गेलं होतं ते पहिली खरेदी पत्र्याच्या पेटीची करत. आजोबांनी तेव्हा बरीचशी उधारी दिली, आणि त्यातली किती परत आली हा घरात आजही न मिटलेला वाद आहे.

पुढच्या वर्षी, १९६२ ला, एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवडच्या माळावर शेड उठू लागल्या. कारखान्याला पत्रा लागतो तो छपरापुरता नव्हे. रंगाच्या खोलीतली वाफ ओढायला हूड, वेल्डिंगचा धूर बाहेर काढायला नळ, भट्टीला आवरण. दुसऱ्या पिढीनं, म्हणजे मालकांच्या वडिलांनी, पन्हळी सोडून ही कामं धरली. दुकानाची पाटी बदलली, 'पत्रेवाले' जाऊन 'इंजिनिअरिंग वर्क्स' आलं. काम मात्र तेच होतं: सपाट पत्र्याला पोट करून द्यायचं.

एसीची कामं आली ती मुंबईच्या वाटेनं. मुंबईत रीगल चित्रपटगृह १९३३ सालीच वातानुकूलित होतं. गिरणगावात त्याहून वेगळी गरज होती. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून गिरण्यांच्या विणकाम खात्यात दमट हवा खेळवावी लागे, आणि ती पत्र्याच्या मोठाल्या नळांतून फिरे. त्या कामात तयार झालेले काही कारागीर १९८२ च्या संपानंतर जिथं हाताला काम मिळेल तिथं पांगले. त्यांतला एक या दुकानात आला. मेस्त्री त्याला गुरू मानतात, त्याचं नाव निघालं की हातातलं काम थांबवतात.

ब्लू स्टार १९४३ ची, व्होल्टास १९५४ ची. दोन्हींचा जन्म मुंबईचा. अशा कंपन्या यंत्र देत, नकाशा देत. पत्र्याचं काम मात्र त्या-त्या गावच्या माणसाला पेटी कॉन्ट्रॅक्टवर जाई. आधी सिनेमाची थिएटरं, मग बँका नि विमा कंपन्यांच्या संगणकाच्या खोल्या. साहेबाच्या केबिनला पंखा आणि संगणकाला एसी, असा तो काळ. दोन हजार सालानंतर हिंजवडी वाढली, मॉल आले आणि भवानी पेठेतली जागा पुरेना.

टेम्पोत काय भरता?

यंत्र मुंबईचं, पत्रा झारखंड-ओडिशातल्या पोलाद कारखान्यांतून यायचा, मग पत्र्याचा नळ गावातच का बनायचा? एखादी मोठी कंपनी एका जागी बनवून देशभर का पाठवत नाही? मी हा प्रश्न विचारला तेव्हा मालकांनी उत्तर द्यायच्या ऐवजी बाहेर उभ्या असलेल्या ४०७ टेम्पोकडं बोट दाखवलं.

दोन फूट रुंद, दीड फूट उंच, चार फूट लांब असा एक डक्टचा तुकडा घ्या. चोवीस गेजच्या, म्हणजे ०.६३ मिलिमीटर पत्र्यात त्याचं वजन भरतं तेरा किलोच्या आसपास. जागा मात्र तो बारा घनफूट खातो. दहा फूट लांब, सहा फूट रुंद टेम्पोत सहा फूट उंचीपर्यंत रचले तर असे तीस तुकडे बसतात. वजन चारशे किलोही होत नाही. दोन टनांहून जास्त उचलणारी गाडी तेवढ्यातच भरते, आणि भाडं पूर्ण गाडीचं. उरलेली सगळी हवा.

म्हणून हा धंदा गावोगावचा राहिला. नाशिकचं काम नाशिकवाला करतो, कोल्हापूरचं कोल्हापूरवाला. लांबचं काम घ्यायचंच झालं तर दोन-दोन बाजूंचे एल आकाराचे पत्रे एकात एक रचून न्यायचे आणि साइटवर ठोकून जोडायचे. तेव्हा गाडीत पत्रा जातो, पोकळी जागेवर तयार होते. पण मग माणसं तिथं ठेवावी लागतात, त्यांची खोली, त्यांचं जेवण. हिशेब परत तिथंच येतो.

किलोवर घ्यायचं, मीटरवर विकायचं

नफ्याची मेख वेगळ्याच जागी आहे. पत्रा विकत मिळतो किलोवर. डक्टचं बिल होतं चौरस मीटरवर. चोवीस गेजचा चौरस मीटर साधारण पाच किलोचा. दोन हजार चौरस मीटरच्या कामाला दहा टन पत्रा लागतो. त्यात ०.६३ ऐवजी ०.६० वापरला तर डोळ्याला काही कळत नाही, हाताला कळत नाही, आणि जवळपास अर्धा टन पत्रा वाचतो. त्यामुळं सल्लागाराचा माणूस साइटवर येतो तो मायक्रोमीटर खिशात घालून, आणि जस्ताचा थर १२० ग्रॅमचा आहे की नाही याचं सर्टिफिकेट मागतो. मालक म्हणतात, "आम्ही तसलं करत नाही." मेस्त्री तेव्हा खाली बघून सुपारी कातरत होते. एवढं मात्र खरं, की सर्वांत कमी रेट देणाऱ्याला काम द्यायचं आणि मग त्याच्यामागं मायक्रोमीटर घेऊन फिरायचं, ही पद्धत ज्यानं काढली त्यानंच पातळ पत्र्याला आमंत्रण दिलं.

भाव वर गेला की दुखणं उलटं होतं. ठेका आज घेतलेला, पत्रा चार महिन्यांनी लागणार. २०२१ नंतर पोलाद असं भडकलं की मे २०२२ मध्ये केंद्र सरकारनं पोलादाच्या निर्यातीवर शुल्क बसवलं, नोव्हेंबरमध्ये काढलं. ज्यांनी आधी रेट बांधून दिले होते त्यांची या चढ-उतारात शोभा झाली. या गाळ्यानं तेव्हा एका कामात पदरचे पैसे घातले, पण काम सोडलं नाही. सोडलं असतं तर ती कंपनी पुन्हा दारात उभी राहिली नसती.

दिवे मालवून

एका इस्पितळाच्या कामावर मला रात्री बोलावलं. डक्ट टांगून झाले होते, त्यांवर इन्सुलेशन चढायचं होतं. मजल्यावरचे सगळे दिवे बंद केले. एका पोरानं डक्टच्या उघड्या तोंडातून जळता हॅलोजन दिवा दोरीला बांधून आत सोडला, दुसरा शिडीवर चढून सांध्या-सांध्यांशी डोळा लावून चालला. जिथं फट, तिथं सुईएवढा उजेड बाहेर. "इधर कोना!" अशी हाक आली की खालचा खडूनं खूण करी. पोरं बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची, त्यामुळं साइटची भाषा हिंदी. कोपऱ्यातच फटी जास्त निघतात, कारण चार कडा तिथं एकत्र येतात. खुणेच्या जागी सीलंट भरायचं, बोल्ट आवळायचे आणि दिवा पुढं ओढायचा. हे तासन् तास चालतं आणि मान मोडते.

एवढा उपद्व्याप कशासाठी? इस्पितळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं ऑपरेशन थिएटरची हवा तासाला किमान वीस वेळा बदलावी लागते, आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवावा लागतो, म्हणजे दार उघडलं तरी बाहेरची धूळ आत शिरत नाही. हवा वाटेतच गळाली तर हा हिशेब कोलमडतो. साध्या ऑफिसातही पावसाळ्यात थंड डक्टच्या फटीपाशी बाहेरची दमट हवा भिडते, पाणी सुटतं, सीलिंगवर पिवळा डाग पडतो. मग वरच्या मजल्यावरच्या संडासाला दोष देत प्लंबर बोलावला जातो.

यंत्र आलं

भोसरीच्या गाळ्यात आता एका बाजूला संगणकावर चालणारं यंत्र आहे. पत्र्याचं गुंडाळं एका टोकाला चढवायचं. यंत्र तो सरळ करतं, खाचा पाडतं, कापतं, कडेला लॉक काढतं, जोडाची कड पत्र्यातूनच वळवून देतं आणि एल आकारात मुडपून बाहेर टाकतं. पूर्वी लोखंडी अँगल कापून, रंगवून, रिव्हेट मारून जोड करावे लागत. तो सगळा खटाटोप गेला. मालकांच्या सूनबाई इमारतीचा नकाशा संगणकावर उलगडून तुकड्यांची यादी काढतात आणि यंत्राला देतात.

यंत्रानं मेस्त्रीचं काम खाल्लं, असं लिहायला मी गेलो होतो. तसं दिसलं नाही. सरळ तुकडे यंत्राचे, वाकडे मेस्त्रींचे. नकाशात जिथं डक्ट सरळ जातो तिथं प्रत्यक्षात तुळई येते, स्प्रिंकलरचा पाइप येतो, वायरींचा ट्रे आधीच कुणीतरी टांगून गेलेला असतो. तिथं माप घेऊन, तिरकं वळवून, जागेवर बसेल असा तुकडा लागतो, तोही संध्याकाळपर्यंत. गेले ते सरळ काम ठोकणारे मधल्या फळीतले हात. मेस्त्री व्हायच्या आधी पोरगा जी चार-पाच वर्षं सरळ डक्ट ठोकत शिकायचा, ती पायरीच उरली नाही. मेस्त्रींनंतर चौकोनातून गोल कोण काढणार, याला गाळ्यात आज उत्तर नाही.

सही

मालकांच्या टेबलाच्या खणात लाल बांधणीच्या वह्या आहेत. धंद्याचा इतिहास कुठं लिहिलेला असेल तर तो इथं. पानापानावर लांबी, रुंदी, उंची, चौरस मीटर. आणि शेवटी सहीसाठी जागा. काही पानांवर ती कोरी आहे.

ही कोरी जागा काय करते ते सांगतो. डक्ट टांगला जातो, फॉल्स सीलिंगवाल्याला घाई असते, तो झाकून टाकतो. महिन्यानं बिल जातं. कंपनीचा नवा इंजिनिअर म्हणतो, एवढं काम झालंच नाही, दाखवा. दाखवायचं कसं? सीलिंग फोडायला परवानगी नाही. मग 'समजुतीनं' दहा-पंधरा टक्के कापून बिल पास होतं. त्यातून टीडीएस जातो, पाच-दहा टक्के रिटेन्शन म्हणून वर्षभर अडकतं. पैसे येवोत न येवोत, बिल फाडलं की त्यावरचा अठरा टक्के जीएसटी, पत्र्यावर भरलेला वजा जाता, पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सरकारला भरावाच लागतो. पत्रा विकणाऱ्याला रोख द्यायची, पोरांना शनिवारी खर्ची द्यायची. म्हणजे मोठ्या कंपनीच्या इमारतीला छोटा ठेकेदार बिनव्याजी कर्ज पुरवतो. माझ्या मते या धंद्यातली माणसं बुडतात ती याच एका कारणानं. यंत्र आणि स्पर्धा ही नंतरची कारणं.

कायदा आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे आहेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही मुदतीत न दिलेली रक्कम खर्च म्हणून तेव्हा वजा मिळत नाही. पण माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कामाच्या ठेक्याला हा २००६ चा कायदा लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं काही प्रकरणांत म्हटलं आहे. आणि लागू झाला तरी तक्रार करणार कोण? "एकदा केस केली की ती पार्टी गेली, तिच्या ओळखीतल्या चार गेल्या," सूनबाई म्हणाल्या. त्यांनी त्याऐवजी दुसराच नियम काढला आहे. सही झाल्याशिवाय सीलिंगवाल्याला शिडी लावू द्यायची नाही. त्यापायी साइटवर भांडणं होतात, सासऱ्यांना ते रुचत नाही. पण हा नियम आल्यापासूनच्या वहीत कोरी जागा मला दिसली नाही.

वाचकांपैकी कुणी दवाखाना बांधत असेल, ऑफिस सजवत असेल, सोसायटीच्या हॉलला एसी बसवत असेल, तर एवढं करा: छत झाकायच्या आधी शिडीवर चढा, डक्टिंगवाल्याबरोबर टेप धरून माप घ्या आणि त्याच्या वहीत त्याच दिवशी सही करा.